दिव्याने पास केलेला आंबा

हापूससारखं लबाड फळ जगात दुसरं नसेल. बाहेरून केशरी-पिवळा, देठाशी जरा लाली, वास असा की रस्त्याने जाणारा माणूस थबकावा. आणि कापला की आत कोयीला लागून पांढुरका, रबरासारखा, आंबूस गर. वरून कीर्तन, आतून तमाशा. कोकणात याला साका म्हणतात. साका झालेला आंबा नुसत्या डोळ्यांनी कुणालाही ओळखता आलेला नाही, आणि मी ओळखतो म्हणणाऱ्याने निदान एकदा तरी भर पंगतीत नाक कापून घेतलेलं असतं.

साका उष्णतेने होतो. आणि गेल्या काही वर्षांत देवगडचा कातळ असा तापू लागला होता की चैत्रातच पायाला फोड यावेत. पूर्वी पेटीत एखादा आंबा साक्याचा निघे, आता दर तिसरा निघू लागला. दुबईचा व्यापारी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवायचा, खाली एक अक्षरही न लिहिता. तो फोटो आला की हेमलता घाडी, म्हणजे सगळ्या वाडीच्या हेमाकाकी, शेडच्या दारात येऊन उगाच समुद्राकडे बघत उभ्या राहायच्या. ही शेड त्यांनी उभी केली होती. डझनभर बायका तिथे आंबे निवडत, पुसत, पेट्या भरत, आणि प्रत्येक पेटी काकींच्या शब्दावर जात असे.

काकींच्या पुतण्याची बायको कृपाली. नवरा बोटीवर, वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात. घरात या दोघीच, त्यामुळे चुलतसासू-सून हे नातं केव्हाच पुसट होऊन गेलं होतं. कृपालीने तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि बंदरावरच्या बोटींची यंत्रं ती दुरुस्त करून द्यायची. तो बिनअक्षरी फोटो तिसऱ्यांदा आला, तेव्हा तिने डोक्यात घेतलं की आंबा न कापता आत बघायचं.

कल्पना लहान मुलाची होती. बॅटरीवर तळहात धरला की बोटं लाल उजळतात, हे कुणी पाहिलेलं नाही? निळा, हिरवा प्रकाश मांस आणि रक्त गिळून टाकतात, लाल तेवढा पार होतो. आंब्यातूनही तो पार व्हायला हवा. निरोगी गरातून तो पसरत जाईल, आणि साक्याच्या गरात हवेचे बारीक पोकळ कप्पे असतात, तिथे तो विखरून अडेल. म्हणजे आतून उजळलेल्या आंब्यात साका काळा दिसेल.

पहिला दिवा साफ फसला. दिव्यापुढे आंबा येतो तो कच्चा, हिरवा, आढीत पिकायला घालण्याआधीचा. आणि हिरवी साल नेमका तोच लाल रंग खाते, झाडाची पानं त्याच्यावरच तर जगतात. मग कृपाली आणखी गडद लालाकडे सरकली, अगदी दिसण्याच्या कडेला, जिथे पानाची भूक संपते. तिथला प्रकाश आंब्यातून आरपार जात होता. पण तिथे माणसाचा डोळाही जवळजवळ हात टेकतो. प्रकाश भरपूर असतो, आपल्याला मात्र दिसत नाही. म्हणून दिवा दांडगा हवा होता. तिने तांब्याच्या पट्टीवर नऊ मोठे एलईडी बसवले, मागे भंगारातल्या बोटीच्या रेडिओच्या, उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर दिवा स्वतःच्याच उष्णतेने मेला असता. तोंडाला मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग लावली, म्हणजे आंबा त्यावर घट्ट बसावा आणि कडेने प्रकाश गळू नये.

पेटवला की दिवा बिघडल्यासारखाच वाटायचा. विझत आलेल्या निखाऱ्याइतका मंद. तीच खरी भीती होती. मंद दिसतो म्हणून डोळ्याची बाहुली आकसत नाही, पापणी मिटत नाही, आणि आत मात्र सगळी शक्ती जाते. म्हणून तिने असं बटण लावलं की रिंगेवर काहीतरी दाबून बसल्याशिवाय दिवा पेटूच नये.

शेडच्या कोपऱ्यात काळा पडदा लागला. आत बसून डोळे अंधाराला सरावले की आंबा रिंगेवर ठेवायचा. तो हळूहळू आतून उजळायचा, कोयीची सावली दिसायची, आणि साका असला तर तिच्या बाजूला काळा डाग. पहिला डाग दिसला तेव्हा काकींनी स्वतः तो आंबा कापला. गर पांढराफटक. त्यांनी कृपालीच्या पाठीत असा धपाटा घातला की दिवा तिच्या हातून पडता पडता राहिला.

पुढच्या हंगामात एकही फोटो आला नाही. पेट्यांवर काकींनी छापून घेतलं, ‘दिव्याने पास केलेला आंबा’. गिऱ्हाईक आता मालकाचं नाव विचारीना, दिव्याचं विचारू लागलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

त्याच्याही पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला निवडणीतल्या शेवंतीच्या हातावर क्रेट पडला. सूज आली. कृपालीने गंमत म्हणून दिवा तिच्या दंडाला लावला, तर आत साकळलेल्या रक्ताचा काळा डाग स्पष्ट दिसला. बायका पडद्याआड गर्दी करून आल्या. मग कुणी अंगठा दाखवला, कुणी सुजलेली हिरडी. चार दिवस हाच खेळ चालला. आणि पाचव्या दिवशी शेवंतीनेच खालच्या आवाजात विचारलं,

“छातीतला दिसता काय गो यात?”

कुणी हसलं नाही. काकींची धाकटी बहीण मंगल वर्षापूर्वी छातीच्या गाठीनेच गेली होती. याच शेडमध्ये ती पेट्यांना चिकटपट्टी लावायची. शेवटी शेवटी तिचा हात वर जाईनासा झाला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

कृपालीने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण यशाची एक धुंदी असते, ती काही फक्त पुरुषांनाच चढते असं नाही. ती म्हणाली, “बघूया.”

एकेक जण पडद्याआड आली. मंद लाल उजेड, त्यात शिरांचे काळे दोरे, बाकी काही नाही. कुणाच्याच छातीत डाग नव्हता. प्रत्येक बाई बाहेर जाताना वर्षभराचं ओझं उतरवल्यासारखी हसत गेली. सगळ्या जेवायला पांगल्यावर काकी आत आल्या आणि त्यांनी पडदा नीट ओढून घेतला.

“हयसर बघ,” त्या म्हणाल्या. “हाताक काय तरी लागता.”

कृपालीने दिवा लावला, सरकवला, पुन्हा लावला. खालून, बाजूने, काखेकडून. उजेड सगळीकडे सारखा होता.

“काय दिसना नाय, काकी.”

“साको नाय मा?”

“नाय.”

काकींनी इतका मोठा श्वास सोडला की पडदा हलला. त्या संध्याकाळी त्यांनी बाजारातून बांगडे आणले आणि सगळ्या बायकांसाठी स्वतः तिखलं केलं. मंगल गेल्यापासून त्यांनी असं काही केलं नव्हतं.

कृपालीही जेवली. पण घास गिळताना तिला काकींचं वाक्य आठवत राहिलं. दिव्याला काही दिसलं नव्हतं हे खरं. पण हाताला काहीतरी लागत होतं, तेही खरंच होतं.

हंगाम भरात आला आणि तिची बेचैनी वाढत गेली. काकी क्रेट उचलताना ती त्यांच्या उजव्या हाताकडे बघत बसायची. एकदा धीर करून तिने विचारलं.

“काकी, ती गाठ काय म्हणता?”

“आसा तशीच.”

“डॉक्टरक दाखवूया एकदा.”

“कित्याक? दिव्यान बघलंस मा?” आणि काकी गाणं गुणगुणत निघून गेल्या. एवढ्या निश्चिंत बाईला आणखी काय सांगणार? कृपाली गप्प बसली. गप्प बसणं सोयीचंही होतं, हे तिला कळत होतं आणि त्यामुळे स्वतःचीच चीड येत होती.

वैशाखाच्या तोंडावर ती दिवा पिशवीत घालून कणकवलीला डॉक्टर शबाना काझींकडे गेली. खरं तर तिला ऐकायचं होतं ते एवढंच की दिवा उत्तम आहे, घरी जा.

डॉक्टरांनी दिवा उलटसुलट करून पाहिला, स्वतःच्या तळहातावर लावला.

“सुरेख केलाय. पण ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे, माहितेय? खूप लोकांनी करून पाहिली आणि सोडून दिली.”

“का?”

“प्रकाश मांसातून सरळ जात नाही. धुक्यात गाडीचा दिवा कसा पसरतो, तसा पसरतो. वरवरचं काही असलं तर दिसेल. खोलवरची लहान गाठ त्या धुक्यात विरून जाते. आंबा तुमच्या मुठीत मावतो, चारी बाजूंनी फिरवता येतो. बाई कशी फिरवणार?” त्या थांबल्या. “ज्यांच्यात काळं दिसलं, त्यांना तुम्ही माझ्याकडे पाठवलं असतंत. त्याची मला काळजी नाही. ज्यांच्यात काही दिसलं नाही, त्यांना काय सांगितलंत?”

“स्वच्छ आहे म्हटलं.”

डॉक्टरांनी दिवा टेबलावर ठेवला. “त्यांतल्या कुणाच्या हाताला गाठ लागते का?”

“एकीच्या.”

“मग हाताला लागते ती गाठ खरी. त्यांना घेऊन या. उशीर करू नका.”

परतीच्या एसटीत कृपालीची पाचावर धारण बसली होती. घरी पोचताच तिने चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मंगल असाच डॉक्टराकडे गेली,” त्या म्हणाल्या. “चालत गेली होती. माका सांग, परत कशी इली ती?”

“तिका उशीर झालो होतो काकी.”

“तुझो दिवो चुकता?”

“माणसात चुकता.”

“आंब्यात चुकता? दोन हंगाम झाले. एक तरी पेटी परत इली? सांग.”

“नाय.”

“मगे जो आंब्यात चुकना नाय तो माझ्यातच बरो चुकता! मी जावचंय नाय कृपा. साको असतो तर दिसलो असतो.”

त्यांनी सूप झटकलं आणि विषय संपवला. कृपाली तिथेच बसून राहिली. हात जोडून झाले, रडून झालं, नवऱ्याला बोटीवर फोन लावून त्याच्याकडूनही बोलून झालं. काही उपयोग झाला नाही. काकींच्या मनात दिव्याने एवढी मोठी जागा घेतली होती की तिथे सुनेला शिरायला वावच नव्हता. आणि ती जागा सुनेनेच त्याला करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये पेट्यांची थप्पी लागली होती, अर्धा भरलेला टेम्पो दारात उभा होता. कृपालीने कोपऱ्यातली सुरी घेतली, वरची पेटी खाली ओढली आणि चिकटपट्टी फाडली.

बायकांच्या तोंडून एकदम “आवशे!” निघालं. बांधलेल्या पेटीतला आंबा शेडमध्ये कुणी कापत नसे. रडणाऱ्या पोरालासुद्धा त्यातला मिळत नसे. पेटी बांधली की आंबा गिऱ्हाइकाचा, हा काकींचा कायदा होता.

“गो, पिसा लागला काय तुका?” काकी ओरडल्या.

“काकी, ह्या पेट्यांतलो एक जरी साक्याचो निघालो, तर तुमी माझ्यावांगडा डॉक्टराकडे येतलास.”

“आणि नाय निघालो तर?”

“तर मी परत कधी ह्यो विषय काढूचंय नाय.”

काकी स्टूल ओढून समोर बसल्या, आणि दिव्यावरच्या भरवशाने म्हणाल्या, “काप.”

पहिला आंबा कापला. आढीतला, खायच्या बेताला आलेला. सोन्यासारखा. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. पेटी संपली. दुसरी उघडली. बायका आधी हळहळत होत्या, मग फोडी वाया जातात म्हणून खाऊ लागल्या, मग हसूही लागल्या. शेवंती म्हणाली, “गो, आमका आज मेजवानीच केलंस!” प्रत्येक फळ उघडलं की काकींचा चेहरा थोडा सैल व्हायचा. प्रत्येक फळ उघडलं की कृपालीचं काळीज थोडं खाली जायचं. आपल्या हाताने केलेल्या वस्तूत खोट निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला कारागीर याआधी कुणी पाहिला नसेल.

कोपरापर्यंत रस ओघळत होता. तिसरी पेटीही निर्दोष निघाली. काकी स्टुलावरून उठल्या.

“पुरे झाला. बघलंस मा? तुझो दिवो खोटो नाय गो.” त्यांनी हे इतक्या मायेने म्हटलं की कृपालीला हुंदका आला.

ती सुरी धरून उभी राहिली. असं आंधळेपणाने कापत बसून चालणार नव्हतं. दिवा कुठे कमी पडतो, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? धुकं, डॉक्टर म्हणाल्या होत्या. जाड मांस, खोलवरची लहान गोष्ट. लहान आंब्यात प्रकाश कोयीला वळसा घालून बाहेर येतो. पण फळ मोठं असलं, गर जाड असला, आणि डाग कोयीला अगदी चिकटून असला, तर तो कोयीच्याच सावलीत दडेल.

तिने सुरी पुसली आणि कडेला वेगळी ठेवलेली मोठ्या फळांची पेटी पुढे ओढली.

“ती नको!” काकी पुढे झाल्या. “ती दुबयची आसा.”

कृपालीने ऐकलं नाही. पहिलं फळ स्वच्छ. दुसरं स्वच्छ. आता ती नुसती फोड काढून थांबत नव्हती. कोयीला सुरी घासून गर खरवडून उचलत होती. तिसऱ्या फळात सुरी जरा वेगळी लागली. तिने गर उलटला. कोयीच्या पोटाला चिकटून रुपयाएवढा पांढरा डाग होता, आणि आंबूस वास.

हसणं थांबलं. शेवंतीने तोंडातली फोड तशीच धरून ठेवली.

काकींनी ते अर्धुक हातात घेतलं. वास घेतला. अंगठ्याने डाग दाबून पाहिला.

“वरसून कितको बरो होतो,” त्या म्हणाल्या. त्यांचा चिकट हात आपोआप पदराखाली गेला, उजव्या बाजूला, आणि तिथेच राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कृपालीने त्यांच्या डोळ्यांत भीती पाहिली. ती पाहून तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

“मगे गो,” मागून शेवंतीचा आवाज आला, “आमका पन तू स्वच्छच म्हटलंस.”

कृपालीने वळून पाहिलं. सगळ्या बायका रसाने माखलेले हात घेऊन तशाच उभ्या होत्या. ज्यांना तिने हसत हसत घरी पाठवलं होतं, त्या सगळ्या.

“माझा चुकला,” ती म्हणाली. “तुमी पन चला. सगळ्यांनी.”

टेम्पोतल्या पेट्या उतरवल्या गेल्या आणि त्या जागी बायका बसल्या. काकी पुढे बसल्या. वळणावर त्या एकदाच बोलल्या, “गेलेल्या मोठ्या पेट्यांच्या गिऱ्हाइकांका कळवूक होया.” कृपाली म्हणाली, “आधी तुमचा बघूया.” काकींनी मान हलवली.

कणकवलीत डॉक्टर काझींनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना तपासलं. बाकीच्या बायकांचं काही निघालं नाही. त्या टेम्पोतून परतल्या, पण कुणी हसत गेलं नाही. काकींना त्यांनी ठेवून घेतलं, सुईने गाठीतला तुकडा काढला आणि आठवड्याने अहवालासकट कोल्हापूरच्या मोठ्या सर्जनकडे पाठवलं.

सर्जन तरुण होते, स्पष्ट बोलणारे. त्यांनी अहवाल वाचला, पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि चष्मा काढला.

“गाठ वाईट आहे, काकू. काखेत एका ठिकाणी पोचलीय. शस्त्रक्रिया करू, मग औषधं. तुम्ही बऱ्या व्हाल असं मला वाटतं. पण दोन महिन्यांपूर्वी आला असतात, तर ‘वाटतं’ म्हणालो नसतो.” मग त्यांचा आवाज चढला. “हाताला लागत होती ना? घरात तुमच्या बहिणीचं उदाहरण होतं. मग इतके दिवस थांबलात कशासाठी?”

कृपालीने तोंड उघडलं. सांगायलाच हवं होतं. तेवढ्यात टेबलाखाली काकींचा हात तिच्या मनगटावर पडला आणि घट्ट आवळला गेला.

“हंगाम होतो डॉक्टर,” काकी म्हणाल्या. “आंबे टाकून कशी येतलंय?”

“आंबे!” डॉक्टर भडकले. “आंब्यांसाठी जीव धोक्यात घालता? तुम्हा लोकांना सांगायचं तरी किती!”

ते खूप बोलले. काकी शाळेतल्या मुलीसारख्या खाली मान घालून सगळं ऐकून घेत होत्या. मधेच कृपाली हात सोडवू बघायची, तेव्हा त्या आणखी जोरात धरायच्या. डॉक्टर बोलायचे थांबेपर्यंत त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही.